हातात चाकूच तर होता, मग गोळी का घातली?

दर दोन-तीन महिन्यांनी असा एखादा व्हिडिओ फोनवर येऊन आदळतोच. रस्त्यात एक माणूस, हातात चाकू, समोर चार-पाच पोलीस पिस्तूल रोखून ओरडतायत, माणूस दोन पावलं पुढे येतो, धाड धाड आवाज, खेळ खलास. वीस सेकंदांची क्लिप. मग फॅमिली ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो पाच जणांना एक माणूस आवरला नाही का, पायावर मारायची ना, दुसरा म्हणतो तुम्ही उभे राहून दाखवा समोर मग बोला. मी बरीच वर्षं पहिल्या तटात होतो. मग थोडं वाचलं आणि गच्चीवर एक उद्योग करून बघितला, त्यानंतर पहिला तट सोडला पण दुसऱ्यातही पूर्ण गेलो नाही, ते का ते सांगतो.

आधी गच्चीवरचा उद्योग

टेप घेऊन २१ फूट मोजले. २१ च का ते पुढे येतं. साधारण ६.४ मीटर होतात. कबड्डी खेळलेल्यांना लगेच अंदाज येईल, पुरुषांच्या मैदानात मधल्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंत साडेसहा मीटर असतात, जवळजवळ तेवढंच. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एकोणीस वर्षांचा भाचा, त्याच्या हातात टोपण काढलेलं लाल स्केचपेन. माझा फोन मागच्या खिशात. त्याने मनात येईल तेव्हा धावत सुटायचं आणि मी त्याने गाठायच्या आत फोन काढून, कॅमेरा उघडून त्याचा एक फोटो काढायचा, बास.

पहिल्या वेळी फोन खिशातून अर्धाच बाहेर आला होता. दुसऱ्या वेळी बाहेर आला पण उलटा धरला गेला. तिसऱ्या वेळी फोटो निघाला, त्यात गच्चीची फरशी आणि त्याच्या चपलेचा अंगठा. शर्टावर सहा लाल रेघा, त्यातली एक कॉलरच्या खाली गळ्यापाशी. आणि हे सगळं तो येणारे, कुठून येणारे हे मला पक्कं माहीत असताना.

२१ फुटांचा आकडा आला कुठून

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी पोलिसांत डेनिस ट्यूलर नावाचे पिस्तूल चालवायचं शिक्षण देणारे अधिकारी होते. शिकाऊ पोलीस त्यांना विचारायचे की चाकूवाला किती जवळ आला की खरा धोका समजायचा? ट्यूलरनी घड्याळ लावून बघितलं. साधारण तरुण माणूस २१ फूट दीड सेकंदात पार करतो आणि सराव असलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल उपसून दोन नेमक्या गोळ्या झाडायला पण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे बरोबरी. १९८३ मध्ये त्यांनी यावर एका मासिकात लेख लिहिला आणि तो आकडा जगभर पसरला.

आता दीड सेकंद म्हणजे काय? गाडी चालवताना समोर कुत्रं आडवं आलं तर डोळ्यांनी बघितलं, मेंदूला कळलं, मग पाय ब्रेकवर गेला, तोपर्यंत गाडी बरीच पुढे सरकलेली असते. तो मधला वेळ कोणालाच चुकत नाही. समोरचा आधी ठरवतो आणि तुम्ही नंतर ओळखता, म्हणून पळणारा नेहमी थोडा पुढेच असतो.

आणि चाकू हे काही 'फक्त' म्हणण्यासारखं हत्यार नाही. तो अडकत नाही, त्याच्या गोळ्या संपत नाहीत, मान, काख, मांडी या तीन ठिकाणी मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि तिथे एक वार खोल बसला तर काही मिनिटांचा खेळ असतो. पोलिसांच्या अंगावरचं जॅकेट सुद्धा बऱ्याचदा गोळी अडवायला बनवलेलं असतं, टोकदार पातं त्यातून आत जाऊ शकतं. हात धरून चाकू हिसकावून घेणं वगैरे सिनेमात होतं, खऱ्यात हिसकावणाऱ्याचेच हात आधी चिरले जातात.

पायावर का नाही मारत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मीही विचारायचो. पळत येणाऱ्या माणसाचा पाय हा त्याच्या अंगाचा खूप हलणारा आणि बारीक भाग. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या गोळीबारांचा रँड या संस्थेने अभ्यास केला होता, त्यात समोरून कोणी गोळ्या झाडत नसताना सुद्धा पोलिसांच्या १०० पैकी साधारण ३० च गोळ्या लागल्या, आणि समोरून गोळ्या येत असताना १८. हे पूर्ण शरीराचं सांगतोय, फक्त पायाचं नाही. न लागलेली गोळी हवेत विरघळत नाही, ती मागच्या कोणाला तरी लागू शकते. शिवाय मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर पायावरची गोळी सुद्धा जीव घेते.

जर्मनीत मात्र कायद्याची भाषा वेगळी आहे, तिथे माणसावर गोळी झाडायची ती त्याला हल्ला करता किंवा पळता येऊ नये एवढ्यासाठीच, त्यामुळे जमेल तिथे पायाचा नेम धरायला शिकवतात. म्हणजे 'अशक्य' असं काही नाही, पण अंतर आणि वेळ हातात असेल तरच.

मग इतक्या गोळ्या कशाला?

गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो हेही सिनेमातलंच. एफबीआयने १९८९ मध्ये यावर एक अहवाल काढला होता, त्यात म्हटलंय की मेंदू किंवा पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू सोडली तर पिस्तुलाची गोळी माणसाला जागच्या जागी थांबवेल याची खात्री नाही, अगदी हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन असतो. दहा सेकंदांत २१ फूट किती वेळा पार होतात ते तुम्हीच मोजा. म्हणून पोलिसांना शिकवतात की धोका थांबेपर्यंत झाडा.

पण 'धोका थांबेपर्यंत' याचा अर्थ थांबल्यावर थांबायचं असाही होतो ना, आणि तिथेच गडबड होते. शिकागोमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये १७ वर्षांच्या एका मुलाकडे साधारण तीन इंची पात्याचा चाकू होता. आधी आलेले पोलीस काही मिनिटं त्याच्या मागे अंतर ठेवून चालले होते, टेझर (विजेचा झटका देणारं यंत्र) कोणीतरी घेऊन येईल म्हणून वाट बघत. मग दुसरी गाडी आली, त्यातल्या एका पोलिसाने उतरल्यावर काही सेकंदांत गोळीबार सुरू केला, १६ गोळ्या, त्यातल्या बहुतेक मुलगा खाली पडल्यावर. सुरुवातीला सांगितलं गेलं की तो चाकू घेऊन चालून आला. तेरा महिन्यांनी गाडीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बाहेर आला त्यात तो बाजूने दूर चालत जाताना दिसतो. २०१८ मध्ये त्या पोलिसाला ज्युरीने खुनाबद्दल दोषी ठरवलं. तोच मुलगा, तोच चाकू, तोच रस्ता, आणि आधीच्या पोलिसांना गोळी झाडावीशी वाटली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, पुढे परत येतो त्यावर.

टेझर कशाला दिलाय मग?

टेझर म्हणजे विजेचा झटका देणारं पिस्तुलासारखं यंत्र. त्यातून तारा लावलेल्या दोन छोट्या टोकदार पिना सुटतात, दोन्ही अंगात रुतल्या तर मधल्या स्नायूंना झटका बसून माणूस ताठ होऊन पडतो. 'दोन्ही' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक पिन लागली आणि एक हुकली तर काही होत नाही, जाड जॅकेट असेल, कपडे ढगळ असतील तर पिन अंगापर्यंत पोचत नाही, आणि दोन पिनांमध्ये पुरेसं अंतर नसेल तर नुसतं चावल्यासारखं होतं. पिना जितक्या लांब जातात तितक्या एकमेकींपासून फाकतात, त्यामुळे फार जवळून मारली तरी उपयोग कमी. चाकूवाला पळत येत असेल आणि तुमच्याकडे एकच संधी असेल तर टेझर हा जुगार आहे, म्हणून टेझरवाल्याच्या बाजूला पिस्तूलवाला उभा करतात.

आणि टेझर म्हणजे खेळणंही नाही. ऑस्ट्रेलियात कूमा गावातल्या एका वृद्धाश्रमात मे २०२३ मध्ये ९५ वर्षांच्या एका आजी जेवणाच्या टेबलावरची सुरी घेऊन वॉकर धरून उभ्या होत्या, डिमेन्शियाची लक्षणं होती. पोलिसाने टेझर मारला, आजी पडल्या, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांत गेल्या. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं. चाकू तिथेही होताच, पण २१ फूट दीड सेकंदात पार करणारी ही बाई नव्हती.

भाचा म्हणाला हे चीटिंग आहे

इथपर्यंत वाचून वाटेल की मी दुसऱ्या तटात गेलो. थांबा जरा. गच्चीवर तीन वेळा हरल्यावर मी चौथ्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. फोन आधीच हातात धरला, कॅमेरा उघडून, आणि मध्ये एक प्लास्टिकचं टेबल ओढून ठेवलं. भाचा धावला, टेबलाला वळसा घालायला लागला, मी उलट्या बाजूने सरकलो, तो परत फिरला, मी परत सरकलो. फोटो आरामात चार निघाले. 'मामा हे चीटिंग आहे' म्हणाला. बरोबर आहे, पोलिसांनी नेमकं हेच चीटिंग करायचं असतं.

ट्यूलरच्या चाचणीत पोलीस एका जागी उभा आहे, पिस्तूल कमरेला आहे, मध्ये काहीच नाही. यातली एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलतो. पण झालं असं की वर्षानुवर्षं प्रशिक्षणात ही चाचणी दाखवून दाखवून '२१ फुटांच्या आत आला की गोळी घाला' असा नियमच लोकांच्या डोक्यात बसला. खुद्द ट्यूलरनी नंतर सांगितलंय की हा नियम म्हणून मी मांडलाच नव्हता. धडा खरं तर उलटा आहे, २१ फूट म्हणजे फार जवळ, तिथे उभेच राहू नका, मागे सरका, गाडीच्या आड जा, दार लावून घ्या.

जपानात पोलीस 'सासुमाता' वापरतात, लांब दांड्याच्या टोकाला इंग्रजी यू सारखा आकार, त्याने माणसाला भिंतीला दाबून धरायचं. २००१ मध्ये ओसाकाजवळच्या इकेडा शाळेत एकाने चाकूने ८ मुलं मारली, त्यानंतर हे दांडे कितीतरी शाळांत भिंतीला लागले. ब्रिटनमध्ये बहुतेक पोलिसांकडे पिस्तूल नसतंच, ते लांब ढाली घेऊन, संख्या वाढवून, घेरून धरतात. कबड्डीत नाही का, चढाईवाल्याच्या अंगावर सहसा एकटा कोणी धावून जात नाही, साखळी धरून त्याला आत येऊ देतात आणि घाई त्यालाच करायला लावतात. तसंच काहीसं.

भानावर नसलेल्यावर ओरडून काय होणार

वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून २०२४ पर्यंत अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची नोंद ठेवली, वर्षाला साधारण हजार माणसं. त्यातल्या बहुतेकांकडे बंदूक होती, दुसरा नंबर चाकूचा. आणि साधारण पाचात एकाला मानसिक आजाराची लक्षणं होती.

आता कल्पना करा की कोणाला भास होतायत, आधीच घाबरलेला आहे, आणि चार जण एकाच वेळी चार वेगवेगळ्या गोष्टी ओरडतायत, चाकू टाक, हात वर कर, हलू नकोस, खाली झोप. हलू नकोस आणि खाली झोप एकदम कसं करणार? पोलिसांना ओरडायला शिकवलेलं असतं कारण साध्या चोरावर ते चालतं. आत्महत्येच्या काठावर असलेल्यावर चालत नाही.

जर्मनीत डॉर्टमुंडमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये सेनेगलहून आलेला १६ वर्षांचा मुलगा एका वसतिगृहाच्या आवारात कोपऱ्यात बसून होता, चाकू स्वतःच्याच पोटाला लावलेला. कोणावर धावून गेलेला नव्हता. त्याने चाकू टाकावा म्हणून पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. तो उठला आणि निघाला, आणि त्या कोपऱ्यातून बाहेर पडायची वाट होती पोलिसांच्याच दिशेने. मग टेझर, आणि पाठोपाठ सबमशीनगनच्या गोळ्या, त्यात तो गेला. डिसेंबर २०२४ मध्ये खटला चाललेले पाचही पोलीस निर्दोष सुटले. तो हल्ला करतोय असं त्यांना खरंच वाटलं असेलही, मला तेवढं मान्य करायला अडचण नाही. पण त्याला उठवलं कोणी?

म्हणजे पोलिसांनी वार खायचे का?

नाही. अमेरिकेतल्या पोलीस प्रमुखांच्या 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने २०१६ मध्ये एक प्रशिक्षण काढलं, आयकॅट नावाचं, खास बंदूक नसलेल्या पण चाकूबिकू असलेल्या माणसांसाठी. ते बनवायच्या आधी त्यांचे अधिकारी स्कॉटलंडला जाऊन तिथले पोलीस बिनपिस्तुलाचे कसं निभावतात ते बघून आले होते. यात एकाने बोलायचं, एकाच आवाजात, बाकीच्यांनी गप्प राहायचं, अंतर आणि आडोसा धरायचा, वेळ जाऊ द्यायचा. याला डी-एस्कलेशन म्हणतात, म्हणजे तापलेला प्रसंग मुद्दाम थंड होऊ देणं. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या पोलिसांना हे शिकवल्यावर अभ्यास झाला, बळ वापरायचे प्रसंग साधारण २८ टक्क्यांनी कमी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी कमी, आणि पोलिसांच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी. शेवटचा आकडा परत वाचा, सगळ्यात जास्त फायदा पोलिसांनाच झाला.

आणि थांबायला वेळच नसेल तर?

तर नाही थांबता येत. १३ एप्रिल २०२४, सिडनीतला बॉन्डाय जंक्शनचा मॉल, एक माणूस चाकूने लोकांना भोसकत सुटला होता, सहा जण मेले. इन्स्पेक्टर एमी स्कॉट एकट्याच आत धावल्या, तो त्यांच्या दिशेने वळला, त्यांनी गोळी झाडली. ढाली येईपर्यंत थांबा असं तिथे कोणी म्हणूच शकत नाही. त्याच घटनेत एका साध्या माणसाने सरकत्या जिन्यावर अडथळ्याचा खांब उचलून त्या हल्लेखोराला वर येऊ दिलं नव्हतं. अंतर आणि मध्ये काहीतरी, परत तेच.

लंडन ब्रिजवर २०१७ मध्ये तिघांनी ८ जण मारले, पहिला फोन आल्यापासून ८ मिनिटांत तिघेही पोलिसांच्या गोळीने मेले, एकूण ४६ गोळ्या. त्यांच्या अंगावर बॉम्बचे पट्टे दिसत होते, खोटे होते ते नंतर कळलं. म्हणजे 'ब्रिटिश पोलीस गोळी घालतच नाहीत' हेही खरं नाही, वेळ आली की घालतात.

अवघड प्रकरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातलं आहे, एप्रिल २०२१. १६ वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलीवर चाकू उगारतेय, पोलीस गाडीतून उतरून दहा-बारा सेकंदही झाले नाहीत, चार गोळ्या. ती स्वतःच एक मूल होती हे खरं, आणि पातं त्या क्षणी दुसऱ्या मुलीच्या अंगावर येत होतं हेही खरं. त्या पोलिसावर खटला झाला नाही. इथे मला दुसरा मार्ग दिसत नाही, आवडो न आवडो.

कोर्ट काय बघतं, शेवटचे दोन सेकंद की आधीची दहा मिनिटं?

सगळ्या वादाची मेख इथे आहे. संयुक्त राष्ट्रांची १९९० ची तत्त्वं सांगतात की जीव वाचवायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच जाणूनबुजून जीव घेणारा गोळीबार करावा. पण दुसरा मार्ग नव्हता हे ठरवायचं कधीपासून? शेवटच्या दोन सेकंदांत तर कधीच नसतो. गच्चीवरच्या माझ्या पहिल्या तीन वेळा आठवा.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात सांगितलं की त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने बघा, नंतर सुचलेल्या शहाणपणाने नाही. यात चूक काही नाही, पण काही खालच्या कोर्टांनी याचा अर्थ 'धोक्याचा तेवढा क्षण बघा, बाकी सोडा' असा काढला. युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने १९९५ मध्येच वेगळी वाट धरली होती, जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सैनिकांनी तीन संशयित अतिरेक्यांना मारलं होतं, त्याबद्दलच्या मॅकॅन खटल्यात त्यांनी गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांना दोष दिला नाही, पण मुळात कारवाईची आखणीच अशी होती की जीव जाणारच, म्हणून सरकारला दोषी धरलं.

अमेरिकेत हे मे २०२५ मध्ये बदललं, बार्न्स विरुद्ध फेलिक्स नावाच्या खटल्यात. तो चाकूचा नव्हता, टोल न भरलेल्या एका गाडीचा होता, पण सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की फक्त शेवटचा क्षण बघून चालणार नाही, त्याच्या आधी काय घडत गेलं तेही बघा. आता वकील आधीची मिनिटं कोर्टात आणू शकतात, पोलिसांनी अंतर का ठेवलं नाही, कोपऱ्यातल्याला का उठवलं, टेझरची वाट बघणाऱ्यांच्या मध्ये का घुसले वगैरे. पण पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर ते त्याच्या विरोधात धरायचं का, या प्रश्नाला कोर्टाने त्या निकालात हात लावला नाही, तो तसाच पडून आहे.